कारखान्यातून निसटलेलं गाणं

सुई रेकॉर्डवर टेकते आणि पहिल्यांदा ऐकू येतात त्या चक्क गप्पा. काही पुरुष एकमेकांना हाका मारतायत, हसतायत, खुशाली विचारतायत. कुणाच्या तरी घरी पार्टी रंगात आलीय. यातले दोघे तर गाण्याच्या दुनियेतले नव्हेतच. मेल फार आणि लेम बार्नी हे डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघातले धिप्पाड, नावाजलेले खेळाडू. गायकाचे दोस्त म्हणून स्टुडिओत आले होते. मायक्रोफोनसमोर उभे राहिले आणि एरवी बोलतात तसं बोलले. या गलक्यातून एक सॅक्सोफोन वर येतो, खालून बेस गिटार वळसे घेत सरकते आणि एक मऊसूत आवाज आपल्या आईशी, भावाशी, वडिलांशी बोलू लागतो.

बोलतो कशाबद्दल? युद्धात मरणाऱ्या पोरांबद्दल. रस्त्यावर मार खाणाऱ्यांबद्दल. साल आहे 1971, व्हिएतनामचं युद्ध संपायचं नाव घेत नाहीये. मार्विन गे या गायकाच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बममध्ये पुढच्या पस्तीस मिनिटांत बेकारी येते, हेरॉइनचं व्यसन येतं, पाऱ्यानं विषारी झालेले मासे येतात, करांनी कंबर मोडलेला माणूस येतो. आणि एवढं सगळं येऊनही कुणी ओरडत नाही! घोषणा नाही, मूठ उगारलेली नाही. निषेधाचं गाणं चढ्या आवाजातच गायचं असतं, असं आपण धरून चाललेलो असतो. या माणसानं ते सगळं इतक्या हळुवारपणे म्हटलं, आणि तरी ते ऐकणाऱ्याच्या आतपर्यंत पोचलं. हे कसं घडलं?

त्यासाठी आधी एका कारखान्यात जावं लागेल.

डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं शहर. बेरी गॉर्डी नावाचा तरुण तिथल्या एका मोटार कारखान्यात असेम्ब्ली लाइनवर काम करत होता. एका टोकाला नुसता सांगाडा आत जातो आणि दुसऱ्या टोकाला चकचकीत गाडी बाहेर पडते, हे तो रोज पाहत होता. त्याच्या डोक्यात आलं, गाण्यांचंही असंच करता येईल की! 1959 साली त्यानं घरच्यांकडून 800 डॉलर उसने घेतले, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर एक साधं दुमजली घर घेतलं आणि त्यावर पाटी लावली, ‘हिट्सव्हिल यू.एस.ए.’ हीच मोटाऊन कंपनी. गाणी लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, नवख्या गायक-गायिकांना स्टेजवर चालायचं-बोलायचं कसं ते शिकवणारे वेगळे. आवाजाला घुमारा हवा तर तोसुद्धा घरच्या घरी: माळ्यावर प्रतिध्वनीची खोली केलेली होती. तयार झालेलं प्रत्येक गाणं तपासणीच्या बैठकीत मांडलं जायचं. तिथे गॉर्डीचा एक प्रश्न ठरलेला असायचा म्हणतात: खिशात शेवटचा डॉलर उरलाय आणि पोटात भूक आहे, तर ही रेकॉर्ड घ्याल की सँडविच?

सँडविच जिंकलं की गाणं बाद.

हसू येतं, पण या चाळणीतून जे बाहेर पडलं त्यानं अमेरिका नाचवली. सुप्रीम्स, टेम्पटेशन्स, फोर टॉप्स, लहानगा स्टीव्ही वंडर. आणि मार्विन गे. धर्मोपदेशकाचा मुलगा, 1939 साली वॉशिंग्टनमध्ये जन्मलेला, चर्चमध्ये गात वाढलेला. मोटाऊनमध्ये सुरुवातीला तो ड्रम वाजवायचा. 1961 च्या ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ या तुफान गाजलेल्या गाण्यावरचे ड्रम त्याचे आहेत. पुढे तो गॉर्डीच्या बहिणीचा नवरा झाला आणि कंपनीचा देखणा प्रेमगीतवाला. 1968 च्या डिसेंबरपासून त्याचं ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ सात आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं.

अशा माणसाला दुःख कसलं?

टॅमी टेरेल ही त्याची युगुलगीतांची साथीदार. 1967 मध्ये एका कार्यक्रमात गाता गाता ती त्याच्या हातांत कोसळली. मेंदूत गाठ निघाली, आणि मार्च 1970 मध्ये ती गेली. वय अवघं 24. मार्विननं स्टेज सोडलं. धाकटा भाऊ फ्रँकी व्हिएतनामला जाऊन आला होता; त्याची पत्रं आणि परतल्यावर त्यानं सांगितलेल्या गोष्टी मार्विनच्या मनात घर करून बसल्या होत्या. जुलै 1967 मध्ये खुद्द डेट्रॉइट पेटलं होतं. त्यात 43 माणसं गेली. आणि हा माणूस प्रेमाची गोड गाणी गात होता. मध्येच त्यानं भलतंच खूळ घेतलं, गाणं पुरे, आता फुटबॉल! तिशी उलटलेला हा गायक व्यायाम करकरून अंग कमावू लागला, डेट्रॉइट लायन्सचं दार ठोठावू लागला. संघानं अर्थातच घेतलं नाही. पण फार आणि बार्नी यांच्याशी गट्टी जमली ती यातूनच, म्हणजे अल्बमच्या आरंभीच्या गप्पांचं श्रेय या फसलेल्या खुळाला द्यायला हवं.

आता दुसरा धागा. मे 1969, कॅलिफोर्नियातलं बर्कली. विद्यापीठाच्या पडीक जागेवर विद्यार्थ्यांनी आणि गावकऱ्यांनी बाग फुलवली होती. ती परत घ्यायला पोलीस आले, बंदुका चालल्या, एकाचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. फोर टॉप्समधला ओबी बेन्सन तेव्हा दौऱ्यावर होता. बसमधून त्यानं पोरांवर चाललेला मार पाहिला आणि त्याला प्रश्न पडला, हे चाललंय काय? या पोरांना इतक्या लांब लढायला का पाठवतायत, आणि इथे रस्त्यावर त्यांनाच का झोडपतायत? परत आल्यावर त्यानं अल क्लीव्हलँड या गीतकाराला हे सांगितलं आणि गाण्याचा सांगाडा तयार झाला.

फोर टॉप्सनी तो नाकारला. आम्हाला निषेधबिषेध नको, म्हणाले. बेन्सनचं म्हणणं होतं की हे निषेधाचं गाणं नाहीच, प्रेमाचं आहे. कुणी ऐकेना. मग तो मार्विनकडे गेला. मार्विनला चाल आवडली, पण त्याला ती दुसऱ्याच एका चमूकडून गाऊन घ्यायची होती! बेन्सननं खनपटीला बसून, श्रेयात वाटा देऊन त्यालाच गायला लावलं. मार्विननं शब्द बदलले, आपल्या घरातली माणसं त्यात आणली. बसमधून पाहिलेलं दृश्य आता एका घरातलं बोलणं झालं. मला वाटतं, हळुवारपणाचं अर्धं रहस्य इथेच आहे. सरकारला उद्देशून गायलं तर आवाज चढतोच, पण आईशी बोलताना कोण घोषणा देतं?

उरलेलं अर्धं रहस्य जून 1970 मधल्या ध्वनिमुद्रणात सापडतं. आणि इथून पुढे मी तरी थक्क होतो, कारण चूक घडूच नये म्हणून उभारलेल्या या कारखान्यात एकामागून एक चुका घडतात, आणि प्रत्येक चूक सोनं होते.

पहिली गोष्ट त्या सॅक्सोफोनची. ईलाय फाँटेन हा वादक ध्वनिमुद्रणासाठी आला, वाद्य तापवायला म्हणून सहज काहीतरी वाजवू लागला. टेप चालू होती. मार्विन म्हणाला, झालं, आता तू घरी जाऊ शकतोस. फाँटेन चक्रावला: अहो, मी तर नुसता टिवल्याबावल्या करत होतो! मार्विनचं उत्तर असं सांगतात की, त्या फारच सुंदर करतोस तू. गाण्याच्या तोंडाशी वाजणारी ती स्वरावली म्हणजे त्याच टिवल्याबावल्या.

दुसरी गोष्ट जेम्स जेमर्सनची. मोटाऊनच्या असंख्य गाण्यांखालची बेस गिटार या माणसाची, आणि तीही उजव्या हाताच्या एकाच बोटानं छेडलेली. सोबतचे वादक त्या तर्जनीला ‘हुक’ म्हणायचे. मार्विनला या गाण्यासाठी तोच हवा होता. तो कुठल्याशा क्लबमध्ये वाजवत होता, तिथून त्याला शोधून आणला. आला तेव्हा इतका प्यायलेला होता की स्टुलावर बसवेना. मग त्यानं काय केलं? जमिनीवर उताणा झोपला, गिटार पोटावर घेतली आणि वाजवलं! आता ते ऐका. मुख्य सुराला नुसता टेकू देणारी ही बेस नाही. ती गायकाच्या ओळींमधल्या फटीत शिरते, अडते, उडी मारते, पुन्हा ठेक्यावर अलगद उतरते. मार्विनच्या आवाजाइतकीच ती बोलते. त्या रात्री घरी जाऊन जेमर्सननं बायकोला सांगितलं म्हणतात, आज आम्ही एक अजरामर गोष्ट वाजवून आलोय.

तिसरी गोष्ट माझी सगळ्यांत लाडकी. मार्विननं मुख्य गायन दोनदा मुद्रित केलं होतं, वेगवेगळ्या ढंगानं. दोन्ही ऐकून एक निवडायचं होतं. अभियंता केन सँड्सनं ती ऐकवायला लावली आणि चुकून दोन्ही एकदम वाजली. कुणीही म्हणालं असतं, अरे बंद कर, एक एक लाव. मार्विननं ती तशीच ठेवायला सांगितली. आणि ही केवळ त्या दिवसापुरती गंमत ठरली नाही, पुढे आयुष्यभर ती त्याची खूण झाली. वारकरी कीर्तनात बुवांनी चरण सोडला की मागचे टाळकरी तो उचलून धरतात, तसं इथे घडतं. फक्त बुवाही मार्विनच आणि टाळकरीही मार्विनच. एक आवाज ओळ म्हणतो, दुसरा तीच ओळ जरा उशिरा, जरा वेगळ्या वळणानं म्हणतो, कधी नुसता हुंकार देतो. ऐकताना वाटतं की बोलणारा एकटा नाही, त्याच्या म्हणण्याला दुजोरा देणारं कुणीतरी शेजारी उभं आहे. घोषणेची गरज उरेल कशी?

आणि सूर? ते तर आपल्याला पेटीवर पाहता येतील. सा, ग, प एकत्र दाबा: भरलेला, समाधानी आवाज. आता त्यात वरचा शुद्ध नि मिसळा. काय झालं? गोडवा तसाच आहे, पण त्यात एक हुरहूर आली, कारण नि ला सा वर जायचंय आणि आपण त्याला जाऊ देत नाही आहोत. अशा अडून राहिलेल्या स्वरसंगती त्या काळी जॅझवाल्यांच्या आवडीच्या. नाचाच्या पॉप गाण्यांत त्या विरळा. हे गाणं त्यांच्यावरच उभं आहे. मग मधल्या शब्दांवाचूनच्या आलापाच्या जागी कोमल ग आणि कोमल ध येतात आणि गाण्यावर एकदम सावली पडते. शब्द मुळीच न कळणाऱ्यालाही इथे काहीतरी बिघडलंय हे कळतं. मार्विन पियानोवर बसून, गुणगुणून हे सगळं सांगायचा आणि डेव्हिड व्हॅन डिपिट हा संयोजक ते वाद्यवृंदासाठी उतरवून काढायचा. वर जे व्हायोलिनचे पदर तरंगतात ते डेट्रॉइट सिंफनीच्या वादकांचे. तेच हात एरवी बेथोव्हेन वाजवत असणार!

गाणं तयार झालं आणि गॉर्डीनं कपाळाला हात लावला. हे विकणार कोण?

गॉर्डीला इथे खलनायक करणं सोपं आहे, पण ते खरं नाही. निषेधाचं गाणं मोटाऊननं आधीच विकलं होतं. एडविन स्टारचं ‘वॉर’ 1970 मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. इतकंच काय, मार्टिन ल्यूथर किंग यांचं व्हिएतनाम युद्धाविरुद्धचं भाषणही कंपनीनं रेकॉर्डवर आणलं होतं. गॉर्डीची धास्ती होती ती मार्विनबद्दल. ज्याच्या आवाजावर बायका भाळतात त्यानं पोलीस आणि युद्ध यांबद्दल गावं? बाजारातली इतक्या वर्षांची पत जाईल. हिशेब चुकला, पण वेडगळ नव्हता.

मार्विननं सरळ संप केला. हे गाणं बाहेर येत नाही तोवर दुसरं काही गाणार नाही. महिने गेले. शेवटी जानेवारी 1971 मध्ये कंपनीतल्याच विक्री विभागाच्या लोकांनी, गॉर्डीला पत्ता न लागू देता, रेकॉर्ड दुकानांत पाठवली. एक लाख प्रती बघता बघता संपल्या, आणखी तितक्यांची मागणी आली. गाणं देशाच्या पॉप यादीत दुसरं आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आर अँड बी यादीत पहिलं. सँडविचच्या परीक्षेत बाद ठरलेलं गाणं! गॉर्डी मार्विनच्या दारात आला: आता याच धाटणीचा अख्खा अल्बम दे, मार्च संपायच्या आत.

आणि मार्विननं मार्चमध्ये सुमारे दहा दिवसांत तो मुद्रित केला. दहा दिवसांत! वर्षभर गप्प बसलेल्या माणसाच्या आत काय काय साठलं असेल, याची कल्पना करा.

त्या काळी पॉपचा अल्बम म्हणजे दोन गाजलेली गाणी आणि बाकीची भरती. इथे नऊ गाणी आहेत आणि बहुतेक एकमेकांत विरघळतात. मधे शांतता नाही, ठेका मोडत नाही. पहिलं संपतं तिथेच दुसरं सुरू होतं, त्यात युद्धावरून परतलेला भाऊ विचारतोय की काम कुठे मिळेल, गावात काय चाललंय. हा फ्रँकीच. त्यातून आपण थेट हेरॉइनच्या धुंदीत जातो, आणि त्या गाण्याचं शीर्षक एका विमान कंपनीच्या जाहिरातीच्या घोषवाक्यावर बेतलेलं आहे. मग मुलं, मग देव. ‘मर्सी मर्सी मी’ हे गाणं तर चक्क पर्यावरणाचं. पहिला वसुंधरा दिन एप्रिल 1970 मध्ये झाला होता, म्हणजे वर्षही उलटलं नव्हतं. हवेतलं विष, समुद्रावरचं तेल, जमिनीतला किरणोत्सर्ग, हे विषय तेव्हा पॉप रेडिओवर कोण गात होतं? आणि इतकी गोड चाल की लोक विषाची यादी गुणगुणत कामाला जात होते. ते पॉप यादीत चौथ्या क्रमांकावर गेलं. शेवटचं ‘इनर सिटी ब्लूज’ मात्र अंधारं आहे: अग्निबाणांवर पैसा उडतोय आणि वस्तीतल्या माणसाला घरखर्च भागत नाही. तेही नववं. आर अँड बी यादीत तर तिन्ही गाणी पहिली आली.

मुद्रित आवाजांचं पहिलं मिश्रण डेट्रॉइटमध्ये झालं, ते मार्विनला पटलं नाही. लॉस एंजेलिसला जाऊन त्यानं सगळं पुन्हा मिसळलं, जास्त घुमारा, जास्त हवा. बाद केलेलं डेट्रॉइटचं मिश्रण 2001 साली बाहेर आलं. ते कोरडं, जवळचं आहे, आणि दोन्ही पाठोपाठ ऐकली की कळतं, त्याच टेपमधून दोन वेगळी घरं बांधता येतात. 21 मे 1971 ला अल्बम दुकानांत आला.

त्याच्या आठच दिवस आधी स्टीव्ही वंडर 21 वर्षांचा झाला होता. मोटाऊनशी त्याचा जुना करार संपला, आणि नव्या करारात त्यानं आपल्या संगीतावर आपलाच ताबा मागितला, मिळवलाही. मार्विननं भिंतीला भोक पाडलं नसतं तर हे इतकं सहज झालं असतं असं मला वाटत नाही. स्टीव्हीचा 1973 चा ‘इनरव्हिजन्स’ हा अल्बम त्याच वाटेनं आला. जानेवारी 1972 मध्ये अरेथा फ्रँकलिन या गायिकेनं लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये आपला गॉस्पेल, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांचा, अल्बम मुद्रित केला, त्यात मार्विनचं ‘होली होली’ गायलं. उपदेशकाच्या मुलाचं पॉप गाणं चर्चमध्ये प्रार्थना म्हणून परतलं. 1 एप्रिल 1984 ला त्याच उपदेशक बापानं भांडणात मार्विनवर गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी तो 45 वर्षांचा होणार होता. अल्बममधली वडिलांशी बोलणारी ओळ तेव्हापासून निर्धास्तपणे ऐकता येत नाही. 2001 मध्ये एड्सविरोधी मदतीसाठी अनेक पॉप तारे-तारकांनी हेच गाणं मिळून गायलं, आणि 2020 मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकानं सर्वकाळच्या 500 अल्बमांच्या यादीत याला पहिलं स्थान दिलं.

पण मला या अल्बमचं सगळ्यांत मोठं धाडस त्याच्या वेष्टणावर छापलेलं दिसतं. बाहेर पावसात उभा मार्विन, आणि आत वादकांची नावं. जेमर्सन आणि त्याचे साथीदार, ज्यांना फंक ब्रदर्स म्हणत, दहा-बारा वर्षं मोटाऊनच्या गाण्यांत वाजवत होते. जगभर लोक त्यांच्या ठेक्यावर नाचत होते आणि कुणाला त्यांची नावं ठाऊक नव्हती. मोटाऊनच्या अल्बमवर ती पहिल्यांदा नीट छापली गेली ती इथे. 1 मे 1972 ला वॉशिंग्टननं मार्विन गे दिवस साजरा केला, आणि कित्येक दिवस स्टेजपासून लांब राहिलेल्या मार्विननं केनेडी सेंटरमध्ये हा अल्बम सादर केला. जेमर्सनही साथीला होता.

त्याच वर्षी मोटाऊननं आपलं बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलवलं. फंक ब्रदर्सना वाजवायला बोलावणारं डेट्रॉइटमध्ये कुणी उरलं नाही. जेमर्सन कंपनीच्या मागोमाग कॅलिफोर्नियाला गेला, तिथे त्याला कामं मिळेनाशी झाली, आणि 1983 मध्ये वयाच्या 47 व्या वर्षी तो वारला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं त्याला घेतलं ते 2000 साली. अल्बममधलं दुसरं गाणं, युद्धावरून परतलेला भाऊ काम शोधतोय ते, त्याच्या बेसवर चालतं.